हात आखडता घ्यावा लागतो तेव्हा शेजारधर्माचं काय?

उंबरठा

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास बेल वाजली. कोण आलंय ते न बघताच कळलं. खालच्या मजल्यावरच्या ताई बेल एकदाच आणि अगदी हलकी दाबतात. मी उठलो आणि दिवा मालवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. मुलगा सहा वर्षांचा. त्याने चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, आपण घरी नाही का?" दाराबाहेर थोडा वेळ सामसूम होती. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

ताईंचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत आणि ताईंचं काम सुटलंय. आधी तीनदा आम्ही जमेल तसं दिलं. पण आठ महिन्यांपासून माझाही पगार निम्म्यावर आलाय, आणि चौथ्या वेळी द्यायला काही नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असंही नाही. मुलाच्या फीचे बाजूला ठेवलेले होते.

आता खरी गंमत. मी ख्रिस्ती घरातला, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वचन वाचण्याची पाळी महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. ती नेमकी या रविवारी होती आणि वाचायला आला लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात आणि यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी उचलतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट. याजक त्या जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला, तिथे माझी जीभ अशी अडखळली की पाळकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

विचारायचं ते एवढंच. स्वतःचंच भागत नसताना शेजाऱ्याचं किती करायचं? थांबायचं कुठे? आणि थांबलेल्या माणसाने तो अध्याय कुठल्या तोंडाने वाचायचा?

वाटसरू

दादा, इतकं मनाला लावून घेऊ नका. तीनदा दिलंत ना? आजकाल कोण देतं? आधी आपलं घर.

पडवी

उंबरठादादा, लिहिलंत हे बरं केलंत. मी रविवारच्या शाळेत हा दाखला इतक्या वेळा शिकवलाय की मुलं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा उघडून बसले आणि काही गोष्टी नव्यानेच दिसल्या.

नियमशास्त्राचा पंडित येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" त्याला कुंपण हवंय, इथपर्यंत शेजारी आणि इथून पुढे नाही. येशू त्याचं उत्तर देतच नाही. गोष्ट सांगून उलटा प्रश्न टाकतो: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? पंडिताच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघत नाही. "ज्याने दया केली तो," म्हणून वेळ मारून नेतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. शोमरोनी तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर सांभाळतो. आणि दुसऱ्या दिवशी? दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाला देतो आणि आपल्या वाटेला लागतो! दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच दर आहे. म्हणजे दोन दिवसांची कमाई. त्याने जनावर विकलं नाही, प्रवास रद्द केला नाही, जखमी माणूस बरा होईपर्यंत उशाशी बसला नाही. जास्त लागलं तर परत येताना फेडीन म्हणाला आणि गेला.

त्या उतारशाळेच्या मालकावर कोणी उपदेश केलेला मी ऐकला नाही. अनोळखी, अर्धमेला माणूस, हातात दोन दीनार आणि एका शोमरोन्याचा शब्द, एवढ्यावर त्याने ठेवून घेतलं. मला तर आता तोच जास्त आवडायला लागलाय. एकट्याच्या खांद्यावर ओझं नको, म्हणून दाखल्यातच दुसरा माणूस घातलाय. तुम्ही चौथ्या वेळेपर्यंत एकटेच होतात.

तर्कट

मी नास्तिक, तरी येऊ का? धागा चांगला चाललाय म्हणून काडी टाकायचा मोह आवरत नाहीये.

पहिलं श्रेय देऊन टाकतो. रोमन साम्राज्यात २४९ च्या सुमाराला मोठी साथ आली आणि दहा-बारा वर्षं रेंगाळली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस एका पत्रात लिहितो की आमच्या लोकांनी जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली आणि इतरांनी मात्र घरच्या माणसांनाही रस्त्यावर टाकलं. आता हे आपल्याच माणसांचं कौतुक, मी ते चिमटीत धरून वाचतो. पण शंभर वर्षांनी सम्राट ज्युलियन येतो. ख्रिस्ती वळणात वाढलेला, मग तो धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला आणि ख्रिस्त्यांवर मनापासून चिडलेला. गॅलेशियाच्या मुख्य पुजाऱ्याला तो लिहितो, हे गॅलिलीवाले, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात, आणि आपण त्यांना काहीच देत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मग तो गव्हाचे तीस हजार मोदी (धान्याचं रोमन माप) मंजूर करतो, बहुतांश परक्यांसाठी आणि भिकाऱ्यांसाठी. विरोधकाची साक्ष आहे, म्हणून मी मानतो.

पण त्याच पत्रात तो असंही म्हणतो की यहुद्यांमध्ये कुणालाच भीक मागावी लागत नाही. हे वाक्य उपदेशात कधी ऐकू येत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे येशूच्या आधी शेकडो वर्षं यहुद्यांच्या शास्त्रात, लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात लिहिलेलं आहे. तुमच्या पडवीताईंच्या शाळेत हे सांगतात का?

दुसरी काडी. आयर्लंडचा दुष्काळ, १८४५ ते १८५२. काही प्रोटेस्टंट संस्थांनी भुकेल्या कॅथलिकांना सूप दिलं, पण सोबत आमची शाळा आणि आमचं शास्त्र घ्या म्हणून. 'सूप घेतलं' ही त्या घराण्यांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेली शिवी झाली. हीसुद्धा ख्रिस्ती उदारताच होती ना?

पडवी

तर्कट, सांगतात! लेवीय १९ शिवाय हा दाखला कळतच नाही, कारण प्रीतीची आज्ञा तो पंडित तिथूनच म्हणून दाखवतो. त्याच अध्यायात पुढे आहे की परदेशी माणसावरही स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, परदेशी होतात.

तुमची दुसरी काडी मात्र लागली. त्या सुपाबद्दल सारवासारव करणार नाही. त्याच दुष्काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी कोणाचा धर्म न विचारता वाटप करत होती, एवढीच भर घालते.

लेवीय निघालंच आहे तर माझी आवडती जागा सांगते. पीक कापताना शेताचे कोपरे सोडा, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि उपऱ्याचा. रूथ ही परदेशी विधवा अशीच सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम चार कणसं ओढून खाली टाका आणि तिला धमकावू नका. म्हणजे ती वाकून स्वतःच्या हाताने वेचते, तिच्यासाठी टाकलंय हे तिला कळतही नाही. कधी कुणाला काही देताना मी स्वतःला हेच विचारते की हे हातात देण्याऐवजी शेतात सांडता येईल का.

बंदखिडकी

गेले तीन दिवस हा धागा उघडतेय आणि बंद करतेय. आज लिहून टाकते.

सगळे देणाऱ्याच्या बाजूने लिहिताय. मी बेल वाजवणारी आहे. म्हणजे होते, चार वर्षांपूर्वी.

तुम्हाला वाटतं बेल वाजवणं सोपं आहे? मी आधी जिन्यात उभी राहून वाक्य तयार करायचे. "जरा अडचण होती" म्हणायचं की "दोन दिवसांत परत करते" म्हणायचं? दुसरं खोटं असायचं आणि समोरच्यालाही ते माहीत असायचं. उंबरठादादा, तुमच्या ताई बेल हलकी का दाबतात ते मला माहीत आहे. दार उघडलं नाही तर 'बेल ऐकूच गेली नसेल' असं स्वतःला सांगता येतं.

आमच्या मंडळीने मदत केली. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. पण पहिल्याच रविवारी व्यासपीठावरून माझं नाव घेऊन प्रार्थना झाली, "आपल्या या भगिनीच्या गरजेसाठी." शंभर माना वळल्या. मग सामानाची पिशवी दिली आणि पिशवीसोबत फोटो काढला. फोटोत मी हसतेय. हसा म्हणाले म्हणून हसले. माझ्या मुलीने तो फोटो तिच्या वर्गातल्या मुलीच्या आईच्या फोनवर पाहिला. त्यानंतर मी सहा महिने उपासनेला गेले नाही. पुढे दुसऱ्या मंडळीत गेले, तिथे कुणाला काहीच सांगितलं नाही.

बरं झाल्यावर शास्त्र वाचताना 'अनुवाद' या पुस्तकाचा २४ वा अध्याय सापडला. कुणाला कर्ज दिलंस तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः बाहेर आणून देईल. गरिबाने पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याला ते अंगावर घेऊन झोपायचंय. मी खूप वेळ रडले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कायदा लिहिताना गरिबाच्या दारापाशी थांबलं होतं. आत येऊन त्याची रिकामी फडताळं बघायची नाहीत, एवढं त्याला सुचलं होतं.

दादा, तुम्ही दिवा मालवलात याचा मला राग नाही आला. त्या ताईंना मात्र कळलं असणार.

वाटसरू

ताई, माझा वरचा प्रतिसाद परत वाचला. थोडा उथळ होता. राहू दे तसाच, पण मागे घेतोय.

रोखठोक

कटू बोलतो. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय की काम न करणाऱ्याने खाऊ नये. सतत दिल्याने माणूस पांगळा होतो. तीनदा दिलं, आता त्यांनी हातपाय हलवावेत.

जुनी वही

रोखठोक, वचन अर्धं वाचलंत. ज्याला काम करण्याची *इच्छा* नाही, असं आहे ते. यजमान अंथरुणाला खिळलेले आणि बाईंचं काम सुटलेलं, यात इच्छेचा प्रश्न आला कुठून?

आता जरा सविस्तर. आमच्या मंडळीचा साहाय्य निधी मी अकरा वर्षं सांभाळला. हिशेबाचा माणूस आहे, भावनेवर फार बोलता येत नाही. पण मला पौल नेहमी खजिनदारांचा प्रेषित वाटत आलाय. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने वर्गणी गोळा केली, ती पत्रं काढून बघा. करिंथकरांना म्हणतो, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या कमाईप्रमाणे थोडं बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर गोळा करत बसायला नको. रक्कम घेऊन जायला मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो आणि कारणही सांगतो, की एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये. देवापुढेच नाही, माणसांपुढेही व्यवहार चोख हवा.

उंबरठा, तुमच्या 'किती'चं उत्तरही तिथेच आहे, करिंथकरांना दुसरं पत्र, अध्याय ८. इच्छा असेल तर जवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जवळ नाही त्या मानाने नव्हे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं, असं मला नको, समानता हवी, हे त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्याच अध्यायात तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचं कौतुक करतो, कारण त्यांनी कमालीच्या गरिबीत ऐपतीबाहेर दिलं. म्हणजे कुणी ऐपतीबाहेर दिलं तर तो वाहवा करतो, पण तसं मागत नाही. हा फरक फार मोलाचा आहे आणि आमच्याकडच्या आवाहनांत तो कधीच नसतो.

बंदखिडकीताई, तुमचा प्रतिसाद वाचून वही काढून बसलो. सुरुवातीला आम्हीही नावं लिहायचो. एकदा कोणीतरी वही टेबलावर उघडी ठेवली, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून वहीत नुसते आकडे. १४, २३, ३१. कुठला आकडा कोण हे फक्त दोघांना ठाऊक, आणि दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. पुढे ठरवलं की रोख देण्याऐवजी औषधांचं बिल आपणच परस्पर भरावं. हिशेबाला सोयीचं, पावती मिळते. एक आजोबा म्हणाले, "खजिनदार, मला औषधं मिळाली. पण दुकानदाराला आता कळलं की मी दानावर आहे." पाकिटं पुन्हा सुरू केली. पावत्या नाहीत म्हणून लेखापरीक्षणाच्या वेळी वाद होतो. होऊ दे.

सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे तीन महिन्यांचं आधीच ठरवणं. रक्कम लहान, दिवस ठरलेला, न मागता पाकीट. महिन्याच्या मधोमध बेल वाजवायची वेळ येऊ द्यायची नाही. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा हे लोकांना जास्त पुरतं, कारण पुढच्या महिन्यात काय येणार हे माहीत असलं की माणूस बाकीचं जुळवतो.

फसवणूक होते का? होते. एका गृहस्थाने तीन मंडळ्यांकडून एकाच वेळी घेतलं, एकाच आजारासाठी. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या पुस्तिकेत म्हटलंय की मागेल त्याला दे. आणि लगेच पुढे म्हटलंय की कोणाला देतोस ते कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे. मला वाटतं हे लिहिणाराही आधी खजिनदार असावा. उलट चौथ्या शतकातला उपदेशक योहान क्रिसोस्तोम म्हणतो की दान देणारा हा बंदरासारखा. तारू फुटून आलेला चांगला की वाईट हे बंदर विचारत नाही, गरज हीच त्याची पात्रता. अकरा वर्षांत मी सकाळी दिदाखेवाला असायचो आणि पाकीट बंद करताना क्रिसोस्तोमवाला.

तर्कट

वहीत नुसते आकडे. हे आवडलं. नास्तिकाकडून +१.

रोखठोक

'इच्छा' शब्द बघितला. बरोबर आहे. पण 'आपापला भार वाहा' हेही पौलच म्हणतो.

पडवी

गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय ना? तिथेच तीन ओळी वर "एकमेकांची ओझी वाहा" आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. वरचा 'बारोस', माणूस दबून जाईल असं वजन. खालचा 'फोर्तियोन', ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं गाठोडं. आपल्या भाषांतरात 'ओझी' आणि 'भार' असा फरक राखलाय, पण कानाला एकच वाटतं. यजमानांचं आजारपण गाठोडं नाही हो.

बंदखिडकी

वचनांची देवघेव चाललीच आहे तर एक इशारा. सारफथच्या विधवेची गोष्ट मला वाईट दिवसांत तिघांनी ऐकवली. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, संदेष्टा एलीया म्हणतो आधी माझ्यासाठी भाकर कर, ती करते आणि मडकं रितं होत नाही. ऐकवणाऱ्यांचा अर्थ असा की, बाई, तूही दशांश (कमाईचा दहावा भाग मंडळीला) चुकवू नकोस, मग बघ. माझ्याकडे तेव्हा बसच्या भाड्याचे नव्हते.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचंही तेच करतात. मार्क १२ मध्ये त्याच्या बरोबर वरचं वाक्य वाचा: विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा. आणि मग एक विधवा येऊन उपजीविका सगळी टाकून जाते. येशू तिचं मोल ओळखतो, हो. पण तिला तसं करायला कोणी लावलं, हेही त्याच्या मनात नसेल?

पडवी

ताई, मी वीस वर्षं ही दोन वाक्यं वेगवेगळ्या रविवारी शिकवत आले. यापुढे एकत्र शिकवीन.

रात्रपाळी

रुग्णालयात परिचारिका आहे, आत्ता ड्यूटीवरून लिहितेय, त्रोटक लिहीन.

'थांबायचं कुठे' याबद्दल एकच. १५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर थांबला, बायको गरोदर होती, घराचा दवाखाना झाला. साथीत पळावं का, असं दुसऱ्या गावच्या पाळकांनी विचारलं तेव्हा त्याने लांबलचक पत्र लिहिलं. माझ्या मनात राहिलं ते असं: ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे त्याने सोडून जाऊ नये. आजाऱ्याजवळ पुरेशी माणसं असतील तर बाकीच्यांनी गेलं तरी पाप नाही. औषध घ्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, नाहीतर तुमच्यामुळे दुसरा मरायचा. आणि शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मी कुठलीही जागा टाळणार नाही.

आम्हाला कामात हेच रोज करावं लागतं. मी सगळ्या खाटांपाशी नसते. पण खाट रिकामी सोडून जाताना पुढच्या पाळीच्या बाईला सांगून जाते, अमुक खाट, अमुक औषध, रात्री घाबरतात. न सांगता गेले तर तो गुन्हा. उंबरठादादा, तुम्ही थांबलात यात काही चूक नाही. पण पुढच्या पाळीला सांगितलं नाहीत.

बेल वाजतेय, जाते.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. रात्रपाळीताईंचा दोनदा.

काल संध्याकाळी खाली गेलो. बरोबर काही नेलं नाही, न्यायला नव्हतंच. ताईंनी दार उघडलं. मी म्हणालो, "त्या मंगळवारी आम्ही घरी होतो. दिवा मीच मालवला." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पोराचा आवाज आला." मग म्हणाल्या, "मीही चार दिवस तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळा टाळतेय. जिन्यात गाठ पडली तर तुम्हाला अवघड होईल म्हणून."

पुढे काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो, पण विसरलो. सरळ सांगितलं की माझा पगार निम्मा झालाय, फीचे पैसे मोडणार नाही, पण ते सोडून काय करता येईल ते बघू. त्यांनी पलंगाखालून एक फाइल काढली. यजमानांच्या जुन्या कंपनीकडून येणं बाकी आहे, त्याचा अर्ज सात महिने अर्धवट पडलेला. एक रकाना कळला नाही म्हणून. दुसरा अर्ज उपचारांच्या सवलतीचा, त्याला डॉक्टरांचं पत्र हवं होतं ते जोडलेलं नव्हतं. मी दिवसभर ऑफिसात हेच करतो हो! लोकांचे अर्ज तपासतो. वर्षभर त्यांच्या डोक्यावर राहतोय आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी दारातच पाकीट द्यायचो आणि "बरं, येतो" म्हणायचो.

दोन तास बसलो. यजमान आतून मध्येमध्ये तारखा सांगत होते, त्यांना सगळ्या पाठ आहेत. एक अर्ज पूर्ण झाला. दुसऱ्यासाठी मंगळवारी परत बसणार आहोत.

जुनी वही, तुमच्यासारखा निधी आमच्या मंडळीतही आहे, पण मागायला जायचं म्हणजे पाळकांना नाव सांगावं लागतं. ताई ख्रिस्ती नाहीत. चालेल का, ते विचारायचंय. नावाचंही विचारायचंय.

जुनी वही

ख्रिस्ती नाहीत म्हणून अडलं तर त्यांना लूक १० परत वाचायला सांगा, या वेळी पाळकांनीच वाचावं. नावाचं असं करा: आधी खजिनदारांना भेटा, पाळकांना नंतर. 'माझ्या शेजारचं एक कुटुंब, तीन महिने' एवढंच लिहून द्या, खाली तुमची सही, हमी तुमची. आमच्याकडे तसं चालायचं. पत्राचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, रकमेची जागा कोरी ठेवा, ती त्यांना ठरवू द्या.

बंदखिडकी

दादा, खाली गेलात तेव्हा बेल वाजवलीत की हाक मारलीत?

उंबरठा

बेल वाजवली, एकदाच. आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिलो. अनुवाद २४.

बंदखिडकी

बरं.

रोखठोक

येणं बाकी असलेल्या पैशांच्या अर्जाला मुदत असते, सात महिने झालेत म्हणता. मंगळवारची वाट बघू नका, पूर्ण झालेला उद्याच द्या आणि पोच घ्या. माझं कामच ते आहे. रकाना अडला तर इथेच विचारा.